मोठी टाकी म्हणजे जास्त दाब? मुळीच नाही

‘टाकी जितकी मोठी तितकं पाण्याचं वजन जास्त, म्हणून नळाला दाब जास्त. पाण्याचा दाब फक्त खालच्या दिशेने असतो. पाइप बारीक केला की दाब वाढतो. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बघा.’ अशा आशयाचा संदेश वरचेवर फिरत असतो. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

१. स्थिर पाण्यात दाब ठरतो तो खोलीवर. घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार, बस्स. १० मीटर खाली पाण्यामुळे सुमारे ९८ किलोपास्कल दाब येतो, मग वर तलाव असो की बोटभर रुंदीची नळी. फ्लेमिश गणितज्ञ सिमॉन स्टेव्हिनने हे १५८६ मध्येच मांडलं होतं. मग जास्तीचं वजन जातं कुठे? सरळ भिंतींच्या टाकीत ते तळावरच येतं, पण तळही तेवढाच पसरलेला असतो. वर रुंदावत जाणाऱ्या भांड्यात काही भार तिरक्या भिंती पेलतात. वर निमुळत्या होणाऱ्या भांड्यात तर त्याच भिंती पाण्याला खाली रेटतात आणि तळावरचं बल पाण्याच्या वजनापेक्षाही जास्त भरतं! मोठ्या टाकीचा फायदा एवढाच, की पातळी सावकाश उतरते.

२. दाब ही अदिश राशी आहे, म्हणजे त्याला स्वतःची अशी दिशा नसते; पाणी सगळ्या बाजूंना रेटतं. टाकीच्या बाजूला भोक पाडलं तर पाणी आडवंच उसळतं.

३. अंगठ्याचा प्रयोग मात्र खरोखर फसवा आहे. नळी मोकळी असताना पाणी वेगाने वाहतं आणि बराचसा दाब पाइपातल्या घर्षणात खर्च होतो. अंगठ्याने तोंड दाबलं की प्रवाह कमी होतो, घर्षणही घटतं आणि अंगठ्यामागचा दाब वाढतो. पण नळ पूर्ण बंद असताना जेवढा दाब असतो, त्याच्या वर तो टिकून राहत नाही. बाहेर पडलेल्या धारेत तर दाब वातावरणाइतकाच. आपल्याला जाणवतो तो तिचा वेग. १० मीटर उंचीवरच्या टाकीतून तो फार तर सेकंदाला १४ मीटर मिळेल.

आता अख्खा पाइपच बारीक केला तर? तेवढाच प्रवाह हवा असेल, तर व्यास निम्मा केल्यावर घर्षणात जाणारा दाब निदान १६ पट होतो. म्हणजे संदेशातला सल्ला पाळणाऱ्याच्या नळाची धार आणखी बारीक होणार. दाब वाढवायचा असेल तर टाकी वर चढवावी; दर मीटरला ९.८ किलोपास्कल मिळतात.