अजून मोठा

फोंड्याजवळ मामाचं कुळागर आहे. माड, सुपारी, मिरीचे वेल आणि कडेला दोन खोल्यांचं होमस्टे. "बाब, तू कंप्युटरवालो मरे, एक वेबसाइट करून दी," असं तो चतुर्थीला नेवऱ्या वाढताना म्हणाला. तोंडात नेवरी असताना नाही म्हणता येत नाही.

तीन फोटो, दर आणि फोन नंबर, एवढंच पान. शहाण्या माणसाने तासाभरात उरकलं असतं. मी मात्र बूटस्ट्रॅप की टेलविंड, म्हणजे पानाला रंगरूप देणाऱ्या दोन आयत्या साधनांपैकी कुठलं, यावर तीन रात्री जागलो.

बूटस्ट्रॅप २०११ मध्ये ट्विटरमधून बाहेर आलं. बटणं, मेन्यू, बारा रकान्यांची चौकट, सगळं तयार. पण सगळ्या साइटी एकाच आईची लेकरं दिसतात. माझं निळं बटण बघून मामा म्हणाला, "हें बँकेचें किदें?" मी त्याला चिऱ्याचा तांबडा रंग दिला. माउस वर नेला, बटण पुन्हा निळं! शेवटी 'इम्पॉर्टंट', म्हणजे 'बाकीच्यांचं ऐकू नको, माझंच ऐक' असं सांगणारं ब्रह्मास्त्र काढलं. पण ते कोडच्या एका ओळीला लावलं की दुसरीलाही लावावं लागतं. देवळाच्या उत्सवात एकाला मानाचा नारळ दिला की सगळेच मानकरी निघतात, तसं.

टेलविंड २०१७ चं. त्यात तयार बटण नाही, नुसते सुटे क्लास: रंगाला एक नाव, कडेच्या जागेला दुसरं, अक्षराला तिसरं. एका बटणासाठी मी लिहिलं: पीएक्स-४, पीवाय-२, राउंडेड, बीजी-रेड-७००, टेक्स्ट-व्हाइट... अर्ध्यातच वाटलं, पुढे पावशेर चणाडाळही लिहावी. त्यातला ४ म्हणजे चार पिक्सेल नव्हे, सोळा. का, ते विचारू नये. एक गुण मात्र मोठा: वापरलेले क्लास तेवढेच फायलीत उतरतात, फाइल हलकी राहते. मामाकडे सिग्नल फक्त विहिरीच्या काठावर येतो, तिथे हे महत्त्वाचं.

निकाल शेवटी मामानेच लावला. "नंबर मोठा कर."

बूटस्ट्रॅपमधला सर्वांत मोठा मथळा, डिस्प्ले-१, लावला. लॅपटॉपवर ८० पिक्सेल, दणदणीत. मामाने स्वतःच्या मोबाइलवर पाहिला. हे अक्षर पडदा लहान झाला की आपसूक आक्रसतं, आणि त्या सोयीचं कौतुक मामाला नव्हतं. "ल्हान जालो मरे!"

मग टेलविंड. टेक्स्ट-४एक्सएल. "आनीक." ६एक्सएल. "आनीक." शेवटी ९एक्सएल, १२८ पिक्सेल. त्यापुढचं तयार माप त्यांच्याकडेही नाही. मामा चष्मा काढून लांबून बघत राहिला, खूश झाला.

नंबर दोन ओळींत मोडला होता आणि दोन्ही ओळींचा शेवटचा आकडा पडद्याबाहेर गेला होता. मी ते दाखवलं.

"आसूं दी," मामा म्हणाला. "लोक फोन करून विचारतले."