केंद्रकाला ‘पेशीचा मेंदू’ म्हणण्याआधी

‘केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू. सगळा डीएनए तिथेच, सगळे हुकूम तिथूनच, आणि ते काढलं की पेशी लगेच मरते.’ असं एक चित्र अधूनमधून फिरत येतं. त्यातल्या तिन्ही विधानांत खोट आहे.

शेवटचं आधी घेऊ. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतंच, तरी ती सुमारे १२० दिवस ऑक्सिजन वाहते. नवी प्रथिनं तिला बनवता येत नाहीत, विभाजन तर दूरच. पण ‘लगेच मरते’ हे काही खरं नाही. याहून भारी उदाहरण ॲसिटॅब्युलॅरिया या शैवालाचं. अख्खं शैवाल म्हणजे एकच पेशी, काही सेंटिमीटर लांब, आणि केंद्रक पार बुडाशी. १९३०च्या दशकात जीवशास्त्रज्ञ योआखिम हॅमरलिंग यांनी बूड छाटून टाकलं. उरलेला देठ कित्येक आठवडे जगला, वर त्याला नवी टोपीही फुटली! केंद्रकातून आधीच बाहेर पडलेल्या आरएनएच्या, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलांच्या, शिदोरीवर.

‘सगळा’ डीएनए? बहुतेक सगळा म्हणा. आपल्या तंतुकणिकांकडे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांकडे) स्वतःची ३७ जनुकं असतात, वनस्पतींत हरितलवकांकडेही वेगळा डीएनए असतो.

राहिले हुकूम. मला विचाराल तर केंद्रक हा दफ्तरखाना आहे. मूळ दस्त आत राहतो, नकला केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर जातात आणि प्रथिनं बाहेर पेशीद्रव्यात बनतात. कोणता दस्त उघडायचा, याची मागणी पुष्कळदा बाहेरूनच येते. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचंच (हार्मोनचंच) बघा. त्याचा ग्राही, म्हणजे त्याला ओळखून पकडणारं प्रथिन, पेशीद्रव्यात थांबलेला असतो. संप्रेरक येऊन चिकटलं की तो आत शिरतो आणि ठरावीक जनुकं चालू किंवा बंद होतात. शिवाय आपल्या पेशीचं विभाजन होताना हे पटल विरून जातं आणि नंतर पुन्हा बांधलं जातं. असा मेंदू कुठे पाहिलाय?

१९९६मध्ये जन्मलेली डॉली मेंढी आठवत असेल. कासेच्या पेशीतलं केंद्रक, केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात बसवलं होतं. कासेचं काम करणाऱ्या त्या केंद्रकाला अंड्याच्या पेशीद्रव्याने पहिल्या पानावर, म्हणजे अगदी सुरुवातीच्या अवस्थेत, आणलं, आणि त्यातून अख्खी मेंढी घडली.