एका तासाची २४ मिनिटं

खूप दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो. पोस्ट मोठी आहे पण वेळ काढून वाचा, कारण यावर कुणी बोलतच नाही. अणुऊर्जा म्हटलं की लोक रेडिएशनवर भांडतात, कचऱ्यावर भांडतात, भूकंप आणि त्सुनामीवर भांडतात. आगीवर कुणी भांडत नाही. आणि माझी सगळी नोकरी केबलमध्ये गेल्यामुळं मला सगळ्यात जास्त धास्ती आगीचीच वाटते, साधी वायर जळते ना, त्या आगीची.

मेणबत्तीपासून सुरुवात करतो. २२ मार्च १९७५, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र. दोन रिअ‍ॅक्टर फुल लोडवर चालू, तिसऱ्याचं बांधकाम सुरू. कंट्रोल रूमच्या खाली केबल स्प्रेडिंग रूम असते, सगळ्या प्लांटच्या केबल्स तिथं एकत्र येतात आणि भिंतीतल्या भोकांतून रिअ‍ॅक्टर बिल्डिंगमध्ये जातात. रिअ‍ॅक्टर बिल्डिंगमध्ये हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, हवा आत जावी, बाहेर येऊ नये म्हणून. तर त्या भोकांतून हवा गळतेय का ते बघायचं काम चाललं होतं, आणि बघायची पद्धत काय, तर पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरायची, ज्योत आत ओढली गेली की गळती आहे. त्या दिवशी ज्योत ओढली गेली. माणसानं फोमचे तुकडे कोंबले, परत मेणबत्ती धरली, आणि फोमनं पेट घेतला. दोन दिवस आधीही तिथं अशीच छोटी आग लागून विझवली होती, तरी पद्धत तीच चालू राहिली.

दुपारी १२.२० ला पेटलेली ती आग संध्याकाळी पावणेआठला विझली. १६०० च्या वर केबल्स जळाल्या. वर कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बघतायत तर गरज नसताना कूलिंगचे पंप आपोआप सुरू होतायत, बंद केले तर परत सुरू होतायत, दिवे लागतायत विझतायत. पहिल्या युनिटची इमर्जन्सी कूलिंगची सगळी यंत्रणा हातातून गेली आणि शेवटी कंट्रोल रॉड (अणुप्रक्रिया कमी-जास्त करणाऱ्या दांड्या) हलवायच्या यंत्रणेचा जो छोटा पंप असतो त्याच्यावर रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी टिकवून ठेवावं लागलं. गावातल्या फायर ब्रिगेडचा प्रमुख आल्यापासून सांगत होता की पाणी मारा, इलेक्ट्रिकची आग म्हणून कुणी पाणी मारू देईना, आणि शेवटी पाणी मारल्यावर काही मिनिटांत आग विझली.

ज्यांनी जळकी केबल हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आग लागली की वायर तुटते आणि मशिन बंद पडतं असं बहुतेकांना वाटतं. तसं झालं तर बरंच म्हणायचं. पण आधी इन्सुलेशन वितळतं, आतल्या तारा एकमेकींना चिकटतात, आणि एका तारेतला करंट दुसरीत शिरतो. म्हणजे कुणीही बटण दाबलेलं नसताना व्हॉल्व्हला 'उघड' असा हुकूम जातो. पॅनेलवर हिरवा दिवा लागतो आणि प्रत्यक्षात पंप बंद असतो. ऑपरेटरला दिसतंय एक आणि खाली चाललंय दुसरंच. मी एकदा जळालेला ट्रे उघडला होता, बारा कोअरच्या कंट्रोल केबलचा एकच काळा दांडका झालेला, तांबं सगळं एकमेकांत मिसळलेलं, कुठली तार कुठली ते सांगता येईना. साध्या कारखान्यात त्याचा अर्थ दोन दिवसांचं प्रॉडक्शन गेलं. रिअ‍ॅक्टर बंद केला तरी आतलं इंधन तापतच राहतं, त्याला पाणी द्यावंच लागतं, तिथं दोन दिवस थांबायची सोय नाही.

तर ब्राउन्स फेरीनंतर अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशननं (पुढं नुसतं कमिशन म्हणतो) नोव्हेंबर १९८० मध्ये नियम आणला, त्याला अपेंडिक्स आर म्हणतात. १ जानेवारी १९७९ च्या आधी लायसन्स मिळालेल्या प्लांटना तो लागू. मुद्दा सरळ आहे: रिअ‍ॅक्टर सुरक्षित बंद करायला ज्या दोन समांतर यंत्रणा असतात, त्यातली एक तरी आगीतून वाचलीच पाहिजे. त्यासाठी तीन मार्ग दिले. एक तर दोन्हींच्या मध्ये तीन तास टिकणारी भिंत किंवा आवरण. नाहीतर २० फुटांचं अंतर, मध्ये जळण्यासारखं काही नको, शिवाय डिटेक्टर आणि आपोआप आग विझवणारी यंत्रणा. नाहीतर एक तास टिकणारं आवरण, परत डिटेक्टर आणि विझवणारी यंत्रणा सोबत. वीज कंपन्या याविरुद्ध कोर्टात गेल्या, १९८२ मध्ये कोर्टानं नियम कायम ठेवला.

आणि मग सूट सुरू झाली.

आता इथं मी प्रामाणिकपणे सांगतो, सूट म्हणजे लबाडी असं माझं म्हणणं नाही. आधी बांधून झालेल्या प्लांटला नंतर आलेला नियम लावला की अडचण येणारच. मुळात खोलीच वीस फुटांची नसेल तर वीस फुटांचं अंतर कुठून आणणार, काँक्रीटमध्ये गाडलेली कंड्युट, म्हणजे केबलची नळी, कशी हलवणार. कायद्यातच तरतूद आहे की लोकांच्या सुरक्षेला अवाजवी धोका नसेल आणि विशेष परिस्थिती असेल, उदाहरणार्थ नियम तंतोतंत न पाळताही नियमाचा मूळ हेतू साधत असेल, तर कमिशन सूट देऊ शकतं. विचार करून, जागेवर जाऊन बघून दिलेली अशी सूट मी समजू शकतो. पण अशा शेकडो दिल्या गेल्या आणि २००८ मध्ये अमेरिकन संसदेच्या ऑडिट संस्थेनं, जीएओनं, तपासलं तेव्हा कळलं की कुठल्या प्लांटला किती सूट आहे, कुठं तात्पुरते उपाय चालू आहेत, कुठं माणसानं हातानं करायच्या कामांवर भिस्त आहे, याची एकत्र नोंदच कमिशनकडं नाही. एकेक सूट एकेकटी बघितली तर पटते हो, पण एकाच प्लांटमध्ये आठ-दहा एकावर एक बसल्या तर त्यांची बेरीज काय होते हे कुणी बघायचं?

मला जे सगळ्यात खटकतं ते वेगळंच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थर्मो-लॅग नावाचं केबलभोवतीचं आवरण टेस्टमध्ये नापास झालं. ते कित्येक प्लांटमध्ये बसवून झालेलं होतं, त्याच्यावर विसंबून नियम पाळल्याचं कागदोपत्री दाखवूनही झालं होतं. मग दुरुस्ती होईपर्यंत काय, तर फायर वॉच. म्हणजे माणूस ठेवायचा, त्यानं तासातासाला त्या भागातून चक्कर मारायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. काही प्लांटनी तर आवरण बदलण्याऐवजी 'आग लागली तर आमचा माणूस जाऊन हातानं व्हॉल्व्ह फिरवेल' असं ठरवून टाकलं, तेही कमिशनची मंजुरी न घेता. इन्स्पेक्शनमध्ये ते सापडल्यावर कमिशननं २००५ मध्ये काय प्रस्ताव आणला, तर हे सरसकट चालवून घेणारा नियम करू. पुढच्या वर्षी तो मागे घेतला, हे त्यातल्या त्यात बरं.

रजिस्टरबद्दल मला सांगायलाच हवं. मी एका मोठ्या कारखान्यात होतो (अणुकेंद्र नाही), तिथं एका शटडाऊननंतर केबल गॅलरीत फिरताना माझ्या हाताला वारा लागला. बंद गॅलरीत वारा कुठून येईल? टॉर्च मारला तर भिंतीतलं फायर स्टॉपचं सील (आग पलीकडं जाऊ नये म्हणून केबलच्या भोकात भरलेलं) फोडून नवीन केबल ओढलेली आणि भोक गोणपाट कोंबून बुजवलेलं. पलीकडं स्विचगिअर रूम, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांची खोली. मी लेखी कळवलं, उत्तर आलं की मटेरियल नाही, पुढच्या शटडाऊनला करू, तोपर्यंत तासाला माणूस फिरेल. आठ दिवसांनी मी ते रजिस्टर मागवून बघितलं. दिवसाच्या चोवीस सह्या, एकाच पेननं, एकाच बसणीत केलेल्या, आणि त्यात उद्याच्याही चार होत्या. त्या पोराला मी रागावलो नाही, बारा तासांची ड्युटी करणाऱ्या कंत्राटी पोराला अंधाऱ्या गॅलरीत दर तासाला पाठवून ज्यांनी भिंतीचं काम त्याच्या गळ्यात टाकलं त्यांचा मला राग आला होता. भिंत झोपत नाही, माणूस झोपतो. आवरणाच्या बदली माणूस, हे जिथं जिथं लिहिलेलं दिसतं तिथं मला ते रजिस्टर आठवतं.

आता इंडियन पॉइंट. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठावरचं केंद्र. तिथल्या तिसऱ्या युनिटमध्ये हेमिक नावाचं आवरण होतं, सिरॅमिक फायबरच्या जाड गाद्या कापडात गुंडाळून केबलभोवती बांधायच्या. एक तास टिकेल असं धरलेलं. २००५ मध्ये कमिशननं स्वतः टेस्ट करून घेतली तेव्हा बाहेरचं कापड उष्णतेनं आकसलं, जोड उघडे पडले आणि एक तास काही टिकलं नाही. मग काय व्हायला पाहिजे होतं? आवरण काढून चांगलं लावा, खर्च येईल, वेळ लागेल, लावा. झालं काय, तर कंपनीनं सूट मागितली आणि सप्टेंबर २००७ मध्ये कमिशननं ती दिली: एका भागात एका तासाऐवजी २४ मिनिटं, दुसऱ्या भागात ३० मिनिटं. युक्तिवाद असा की तिथं जळाऊ सामान फारसं नाही, डिटेक्टर आहेत, आग तेवढी वाढणारच नाही, त्यामुळं मूळ हेतू साधतोच आहे.

ही २४ मिनिटं वाचल्यावर मी परत ब्राउन्स फेरीची टाइमलाइन काढून बसलो. १२.२० ला फोम पेटला आणि पहिला रिअ‍ॅक्टर हातानं बंद केला १२.५१ ला. माणसं आगीसमोर उभी होती, त्यांच्या हातात एक्स्टिंग्विशर होते, तरी रिअ‍ॅक्टर बंद करायचा निर्णय व्हायलाच ३१ मिनिटं गेली. तिथली खोली वेगळी, केबल वेगळ्या, आग वेगळी, तुलना तंतोतंत लागू होत नाही हे मान्य. पण गोंधळात माणसं किती वेळ घेतात ते त्या ३१ मिनिटांत दिसतं, आणि तेच तर हिशेबात धरायचं असतं. एक तास हा आकडा आग किती मोठी होईल एवढ्यावरून येत नाही, माणसाला कळायला, पटायला, पळायला, दार उघडायला, चुकीच्या दारात जाऊन परत यायला जो वेळ लागतो तोही त्यात असतो.

आणि हे सगळं लोकांना न विचारता झालं. न्यूयॉर्कच्या विधानसभेचे सदस्य रिचर्ड ब्रॉडस्की याविरुद्ध कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले. जानेवारी २०१३ मध्ये अपील कोर्टानं त्यांचे बाकीचे मुद्दे मान्य केले नाहीत पण एक मान्य केला, की ही सूट देताना लोकांना सहभागी का करून घेतलं नाही याचं कारण कमिशननं कुठंच दिलेलं नाही, ते द्या नाहीतर लोकांना ऐका. म्हणजे सूट २००७ ची, आणि 'लोकांना का विचारलं नाही' हा प्रश्न मान्य व्हायला २०१३ उजाडलं.

काही जण म्हणतील की एवढं करून झालं काय? जीएओच्याच त्या रिपोर्टमध्ये आहे की १९९५ ते २००७ मध्ये ५४ केंद्रांवर १२५ आगी लागल्या आणि एकीनंही रिअ‍ॅक्टरच्या सुरक्षेला मोठा धोका झाला नाही. खरं आहे. त्यात काम करणाऱ्या माणसांचं कौतुक आहे आणि नियमाचंही आहे. पण त्यानंतर जून २०११ मध्ये अमेरिकेतल्याच फोर्ट कॅलहून केंद्रात स्विचगिअरमध्ये आग लागून वापरलेल्या इंधनाच्या टाकीचं कूलिंग दीड तास बंद पडलं, ते मी विसरू शकत नाही.

आणि आपलं नरोरा, उत्तर प्रदेशातलं अणुवीज केंद्र. ३१ मार्च १९९३, पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन बाहेर येऊन पेटला, आग केबलला लागली, आणि वेगवेगळ्या यंत्रणांच्या केबल्स नीट वेगळ्या नसल्यामुळं मुख्य, राखीव सगळाच पुरवठा गेला. १७ तास केंद्रात वीज नाही. धुरामुळं कंट्रोल रूम सोडावी लागली. ऑपरेटर हातात टॉर्च घेऊन रिअ‍ॅक्टर बिल्डिंगमध्ये वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून अणुप्रक्रिया थांबवणारं बोरॉन सोडलं, डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपानं स्टीम जनरेटरला पाणी दिलं. त्या माणसांपुढं मी कायम हात जोडेन. पण ब्राउन्स फेरीला १८ वर्षं झाली होती तेव्हा. केबल वेगळ्या ठेवा, मध्ये फायर बॅरिअर घाला, हे जगाला माहीत होऊन १८ वर्षं, आणि तरी ती माणसं अंधारात जिने चढत होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बांधकामाची अडचण असेल तर सूट द्या, पण आवरण टेस्टमध्ये नापास झालं म्हणून नियमच त्या आवरणाच्या मापाचा कापायचा, याला सूट म्हणू नका. दिली तर मुदत घाला, अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती नाहीतर युनिट बंद. देण्याआधी लोकांसमोर ठेवा. आणि सगळ्या सूट एका यादीत दिसू द्या, प्लांटनुसार, म्हणजे बेरीज कुणालाही करता येईल. सुरक्षेच्या नावाखाली ही माहिती झाकायची गरज नाही, कुठल्या खोलीत कुठली केबल ते कुणी विचारत नाहीये, किती मिनिटं कमी केली एवढंच विचारतोय.

इंडियन पॉइंटचं ते युनिट ३० एप्रिल २०२१ ला कायमचं बंद झालं, तिथं आग लागली नाही, चांगलंच झालं. बाकीची जुनी केंद्रं चालू आहेत आणि त्यांची लायसन्स वाढवून मिळतायत, साठ वर्षं, काहींना ऐंशी. चाळीस वर्षांपूर्वीच्या सूट त्यांच्या फायलीत तशाच आहेत आणि केबलचं इन्सुलेशन तेवढंच म्हातारं झालंय.

इथं माझ्या लिस्टमध्ये बरेच जण प्लांटमध्ये आहेत, पॉवरचे, रिफायनरीचे, केमिकलचे. मागच्या शटडाऊनला केबल ओढायला जी सील फोडली ती परत कुणी भरली आणि कशानं भरली, हे कुणी उद्या जाऊन बघणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. नाव लिहू नका, प्लांट लिहू नका, नुसतं काय दिसलं ते लिहा.