सरासरी काढा, पदवी घ्या

एम.ए., एम.कॉम., एम.एस.डब्ल्यू. यांपैकी काहीही करत असाल, तरी शेवटच्या सत्रात सर्वेक्षणाचा प्रबंध मानगुटीवर बसतोच. विषय शोधत बसू नका. ‘अमुक तालुक्यातील एसटी प्रवाशांचे समाधान : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय घ्या. तालुका बदलला की विषय नवा होतो. चाळीस फॉर्म भरून घ्या, एक्सेलमध्ये चढवा, शेवटच्या ओळीखाली सरासरीचं सूत्र लिहा आणि कोपरा धरून उजवीकडे शेवटच्या रकान्यापर्यंत ओढत न्या. एक्सेल हूं की चूं करणार नाही. अगदी डाव्या टोकाला अनुक्रमांकाखाली २०.५० आलेलं दिसेल. पुसू नका, तक्ता भरगच्च वाटतो.

एस. एस. स्टीव्हन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली मोजमापाच्या चार पट्ट्या सांगून ठेवल्या आहेत. नामदर्शक पट्टीत नुसती नावं, क्रमदर्शकमध्ये वर-खाली, अंतराल पट्टीत सारखी अंतरं आणि गुणोत्तर पट्टीत शिवाय खराखुरा शून्य. कुठल्या रकान्यावर कुठला हिशेब चालतो, हे यावरून ठरतं. हे चारही शब्द प्रकरण तीनमध्ये व्याख्येसकट उतरवा आणि प्रकरण चार सुरू करताना विसरून जा.

लिंगाच्या रकान्यात पुरुष १, स्त्री २ असं लिहा. अठरा स्त्रिया असतील तर सरासरी १.४५ येईल. पुरुष ० आणि स्त्री १ लिहिलं असतं, तर ०.४५ म्हणजे ४५ टक्के स्त्रिया असा त्या आकड्याला अर्थ तरी लागला असता, म्हणूनच तसं करू नका. पिनकोडचंही तेच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकरांनी देशाला हे सहा आकडे दिले ते पत्र योग्य गावी पडावं म्हणून. मुंबईचा ४००००१ आणि पुण्याचा ४११००१ यांची सरासरी ४०५५०१ येते. त्या पत्त्यावर पत्र टाकून पाहा.

आता मुख्य रकाना, समाधानाचा. अतिशय असमाधानी १, असमाधानी २, तटस्थ ३, समाधानी ४, अतिशय समाधानी ५. एका स्थानकावर वीस जणांपैकी दहा जणांनी १ आणि दहा जणांनी ५ दिला, दुसऱ्यावर वीसच्या वीस जणांनी ३. दोन्हीकडे सरासरी ३.००. ‘दोन्ही ठिकाणचे प्रवासी तटस्थ आढळले’ असं बिनदिक्कत लिहा. पहिल्या ठिकाणी कंट्रोलरच्या खिडकीपाशी रोज हमरीतुमरी होते, ती सरासरीत ऐकू येत नाही. वारंवारतेचा तक्ता (कुठलं उत्तर किती जणांनी दिलं) मात्र चुकूनही देऊ नका, त्यात सगळं उघडं पडतं.

एक प्रयोग गाईड सुट्टीवर असताना करून पाहा. पहिल्या स्थानकावरचे दोघे ३ आणि ३ म्हणाले, दुसऱ्यावरचे १ आणि ४. सरासरी ३ विरुद्ध २.५, पहिलं स्थानक पुढे. पण ‘समाधानी’ला ४ हाच आकडा का? क्रम तेवढा पाळायचा आहे ना, मग पाच उत्तरांना १, २, ३, १०, ११ द्या. आता सरासरी ३ विरुद्ध ५.५, दुसरं स्थानक पुढे. प्रवासी तेच, मत तेच, निष्कर्ष उलटा. क्रमदर्शक माहितीत दोन पायऱ्यांमधली उंची कुणी मोजलेली नसते, म्हणून तिथे मध्यक (उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) आणि वारंवारता वापरतात. पण या सोयीकडे सकारात्मक नजरेने बघा. कुठलं स्थानक पुढे न्यायचं, ते आता तुमच्या हातात आहे.

मुक्कामी गाडीच्या वेळांना तर खास जपा. एका दिवशी ती रात्री २३:५० ला आली, दुसऱ्या दिवशी मध्यरात्र उलटून ००:१० ला. एक्सेलला विचारा, सरासरी १२:००. म्हणजे गाडी भर दुपारी येते आणि गावाला पत्ता नाही. घड्याळ गोल असतं आणि एक्सेल सरळ रेषेत चालतं, एवढाच घोळ. आदल्या दुपारपासून मिनिटं मोजली तर तो मिटतो, पण मग शोध लागल्याचा आनंदही जातो. शेडमधलं तापमान नोंदवलंच असेल, तर पहाटेच्या २० अंशांपेक्षा दुपारचे ४० अंश ‘दुप्पट गरम’ म्हणा. फॅरनहाइटमध्ये ते ६८ आणि १०४ होतात आणि दुपार एकदम दीडपटीवर येते. सेल्सिअसचा शून्य पाणी गोठतं तिथे ठेवलाय, उष्णता संपते तिथे नाही. दोन्ही पट्ट्या एकाच पानावर छापू नका म्हणजे झालं.

उत्पन्नाचा रकाना गुणोत्तर पट्टीवरचा, तिथे सरासरी कायदेशीर आहे. म्हणून तर जास्त उपयोगी आहे. महिना २०,००० मिळवणारे नऊ जण घ्या आणि दहावा गाडी बंद पडली म्हणून त्या दिवशी एसटीत बसलेला, महिना ८ लाखवाला बिल्डर. सरासरी ९८,०००. मध्यक २०,०००. ‘एसटीचा प्रवासी आता सधन झाला आहे’ या वाक्याला पहिला आकडा लागतो, दुसरा नको. ज्यांनी उत्पन्न सांगितलं नाही त्यांच्यापुढे ० लिहा. रिकामा चौकोन एक्सेल सरासरीत धरत नाही, शून्य मात्र इमानेइतबारे धरतं. अठ्ठावीस जणांची सरासरी २५,००० असेल, तर बारा जणांच्या गप्प बसण्याचे बारा शून्य मिळून ती १७,५०० होते. एकाच तालुक्यात सधन आणि गरीब, दोन्ही निष्कर्ष तयार.

वय सरळ विचारू नका. विचारलं तर लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असं गोळाबेरीज सांगतात. जनगणनेच्या वयाच्या तक्त्यांतही ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांवर उंचवटे दिसतात. त्यापेक्षा फॉर्मवर १५-२०, २०-२५ असे वर्ग छापा. वीस वर्षांच्या मुलाने कुठे खूण करायची, हे त्याचं तो बघेल. (शाळेत वरची मर्यादा पुढच्या वर्गात धरायला शिकवतात, पण फॉर्म भरणाऱ्याला कोण सांगतं?) शेवटचा वर्ग ‘६० च्या वर’ ठेवा. त्याचा मध्य किती धरायचा, ६५ की ७५, हे मन मानेल तसं ठरवा. आणि एकदा वर्ग विचारला की खरं वय परत मिळत नाही, त्यामुळे चूक कुणी तपासूही शकत नाही.

राहिला नमुना. उन्हात स्थानकावर उभं कशाला राहायचं? गुगल फॉर्मची लिंक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. स्वतःच्या दुचाकीवरून कॉलेजला येणारी मुलं एसटीबद्दल भरभरून लिहितात. आकड्यांचा रेटा हवा असेल तर अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’चा कित्ता गिरवा. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, बऱ्याचशा टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून. वीस लाखांवर परत आल्या आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं ठरलं. प्रत्यक्षात समोरच्या रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं, तुमचा प्रबंध तेवढ्यात मंजूर होऊन जाईल.

चाळीसचा आकडा भरत नसेल तर ‘नियमित प्रवासी’ची व्याख्या थोडी सैल सोडा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं की मोजणीसाठी शेतातला तुकडा फार लहान घेतला तर पिकाचा अंदाज फुगतो. हद्दीवरचं झाड आत की बाहेर असा प्रश्न पडला की माणूस ते आत ढकलतो, आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने हद्दच जास्त. तुमचा तुकडा चाळीसाचा. महिन्यातून एकदा माहेरी जाणाऱ्या वहिनींना खुशाल आत घ्या.

छापताना चाळीसपैकी सत्तावीस असं लिहू नका, ६७.५० टक्के लिहा. दशांशचिन्हापुढच्या शून्याने माणूस दबतो. व्हायवात बाहेरचे परीक्षक चष्मा वर करून पहिल्याच रकान्यावर बोट ठेवतील, अनुक्रमांकाची सरासरी २०.५० कशासाठी? घाबरू नका. सांगा की सर, या रकान्यात कुणी जागा रिकामी सोडली नाही, कुणी गोळाबेरीज सांगितलं नाही, आणि अख्ख्या तक्त्यात बिनचूक आलेली सरासरी तेवढीच आहे.