बॉल परत त्याच्याच हातात द्या

काल रात्री, म्हणजे ४ डिसेंबर २०२४ ला, ड्यूक विद्यापीठाची बास्केटबॉल मॅच उशिरा संपली, झोप त्याहून उशिरा लागली. सकाळी चहा ठेवता ठेवता फोन उघडला, तर ग्रुपवर पहिलाच मेसेज: "पोरगं म्हणजे हिरा आहे, मी पहिल्यापासून सांगत होतो." पोरगं म्हणजे ड्यूकचा कूपर फ्लॅग. सोबत निळं हार्ट. लिहिणारे गृहस्थ तेच, ज्यांनी १२ नोव्हेंबरला केंटकी विद्यापीठाच्या टीमशी हरल्यावर पंधरा मिनिटांच्या आत त्याच ग्रुपवर लिहिलं होतं, "उगाच डोक्यावर घेतलंय. ऐन वेळी हातपाय गळतात याचे." चहा उतू गेला. गॅस पुसतानाही मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतच होते. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

सांगली-पुण्याच्या मैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. मी राहते त्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या मॉरिसव्हिलपासून ड्यूक विद्यापीठ गाडीने वीस मिनिटांवर आहे. इकडे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात कुस्ती. दुकानात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत लोक आधी विचारतात तुम्ही ड्यूकचे की शेजारच्या चॅपल हिल विद्यापीठाचे, नाव-गाव नंतर. मी अठरा वर्षं ड्यूकची आहे. ड्यूकचं कॅमेरॉन स्टेडियम १९४० सालचं, जेमतेम नऊ हजार लोक मावतात, त्यामुळे तिकीट मिळणं आमच्यासारख्यांना जवळजवळ अशक्य. टीव्हीसमोरचा सोफा हेच आमचं स्टेडियम.

या वर्षी ड्यूकने पहिल्या वर्षाची सहा पोरं आणलीत आणि त्यातली तिघं मॅच सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात खेळतात. खमान मलुआच दक्षिण सुदानचा, युगांडात वाढलेला, ७ फूट २ इंच उंच. हा मुलगा या उन्हाळ्यात पॅरिसला ऑलिंपिक खेळून आलाय. कॉन कनिपल मिलवॉकीचा. पहिल्याच मॅचला २२ पॉइंट केले, तेही कुठे घाई नाही की गडबड नाही, देवघरात निरांजन लावावं इतक्या शांतपणे. आणि कूपर फ्लॅग. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या छोट्याशा गावातला. शाळेचं एक वर्ष आधीच उरकून कॉलेजला आला. येत्या २१ डिसेंबरला अठरा पूर्ण होतील. म्हणजे आज, हे लिहितेय तेव्हा, तो सतरा वर्षांचा आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

तर ती केंटकीची मॅच. अटलांटा. मध्यांतराला आपण पुढे होतो, मग केंटकीने हळूहळू गाठलं. त्यांची टीम सगळी थोराड. दुसऱ्या कॉलेजांतून आलेले, चार-चार, पाच-पाच वर्षं मुरलेले गडी. शेवटच्या मिनिटात ७२-७२. बॉल कूपरकडे. २६ पॉइंट आणि १२ रिबाउंड (रिंगवरून हुकलेला बॉल पकडणं) त्या रात्री त्या एकट्याचे. तो आत घुसला आणि ओटेगा ओवेने बॉल काढून घेतला. ओवेवर फाउल झाला, त्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायचे बॉल) मिळाले, ७४-७२. पुन्हा बॉल कूपरकडे, पुन्हा तो आत घुसला आणि पुन्हा बॉल हातातून निसटला. ७७-७२. संपलं.

कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला आणि मी टीव्ही बंद केला. बघवेना.

कारण तो चेहरा मला माहितीये. १९९४, कोल्हापूर, कॉलेजांची झोनल स्पर्धा. मी फर्स्ट इयर बीएस्सी, वय सतरा. सिमेंटचं ग्राउंड, फक्कीने आखलेल्या रेषा, रिंगला जाळी नाही. स्कोअर बरोबरीत. टेबलावरचा मुलगा घड्याळ हातात धरून ओरडत होता, "वीस सेकंद! पंधरा!" बॉल माझ्याकडे होता आणि मी आत घुसले. बाजूने एक हात आला, बॉल माझ्याच बुटावर आपटला आणि गेला. त्यांच्या मुलीने पळत जाऊन लेअप मारला, रिंगखालूनच बास्केट केला. मी होते तिथेच उभी. माझे कॅनव्हासचे बूट फक्कीने पांढरेफटक झाले होते आणि मी त्यांच्याकडेच बघत राहिले होते, कारण मान वर केली असती तर सर दिसले असते.

सर एवढंच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं बॉल घ्यायला?"

एक वाक्य. तीस वर्षं झाली. दोन मुलं झाली, देश बदलला. ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

म्हणून मला राग येतो. "ऐन वेळी हातपाय गळतात" हे तुम्ही कोणाबद्दल लिहिताय? ज्याने चाळीस मिनिटं टीम खांद्यावर वाहिली त्याच्याबद्दल? त्या शेवटच्या क्षणी बॉल हातात नको म्हणून कोपऱ्यात लपणारे किती असतात ते खेळलेल्या माणसाला विचारा. बॉल त्याचाच जातो ज्याने तो मागितलेला असतो. आणि हे लिहिणारे कोण? ज्यांची मुलं या वर्षी कॉलेजला गेली आणि पहिल्या मिडटर्मला सी आला तेव्हा ज्यांनी स्वतः मला रात्री दहाला फोन करून सांगितलं, "अहो, पहिलंच सेमिस्टर आहे, रुळायला वेळ लागतो." तुमच्या पोराला रुळायला वेळ लागतो आणि मेनच्या त्या बाईच्या पोराला लागत नाही का?

त्याची आई स्वतः मेन विद्यापीठाकडून खेळलेली आहे. या सीझनची पहिलीच मॅच मेनशी होती, ९६-६२ जिंकलो. आईच्या कॉलेजविरुद्ध पोराची पहिली मॅच. तिला काय वाटलं असेल याचा विचार करत मी त्या दिवशी भांडी घासली होती. पण हे विषयांतर झालं.

आता मुद्द्याचं बोलते. केंटकीनंतर ड्यूकचे कोच जॉन शायर सरांनी काय केलं? कूपरला कोपऱ्यात उभा केला का? "आता शेवटचा बॉल मोठी मुलं घेतील" म्हणाले का? नाही. दहा दिवसांनी टीम ॲरिझोनाला गेली, परक्या ग्राउंडवर, सगळं स्टेडियम विरोधात. तिथेही खेळ त्याच्याच हातून चालला. २४ पॉइंट. ६९-५५ जिंकलो. मग लास व्हेगासला कॅन्ससशी पुन्हा हरलो, ७५-७२. त्यांचा डिकिन्सन आपल्या मलिक ब्राउनच्या डोक्याला लाथ लागली म्हणून बाहेर काढला गेला, तो नसतानाही हरलो, हे जास्त लागलं. थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधीची ती रात्र. ग्रुपवर पुन्हा तेच. "पोरांची टीम आहे, मोठ्या मॅचमध्ये हीच गत होणार."

आणि काल रात्री ऑबर्न. देशात दुसऱ्या नंबरची टीम. आठवडाभर ते सगळ्यांना कुटत आले होते. त्यांचा जॉनी ब्रूम पाचव्या वर्षाचा, बाप्या माणूस वाटतो आमच्या पोरांपुढे. सुरुवातीलाच ऑबर्न चांगली पुढे गेली. नवऱ्याने रिमोट हातात घेतला. मी म्हटलं, खाली ठेवा.

आणि मग आयझाया एव्हन्स आला. हाही पहिल्या वर्षाचा, इथल्याच नॉर्थ कॅरोलिनाचा. काडीसारखा बारीक. टीममध्ये त्याला स्लिमच म्हणतात. आधीच्या मोठ्या मॅचमध्ये तो फारसा दिसलाच नव्हता. अशा पोराला दुसऱ्या नंबरच्या टीमविरुद्ध, आपण मागे असताना, आत पाठवायचं. त्याने पहिला थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटांचा बॉल, टाकला, पडला. दुसरा पडला. तिसरा टाकताना तर समोरच्याने हात वर केलाच होता, तरी टाकला. पहिल्या हाफमध्येच सहा थ्री! सहा! अठरा पॉइंट. कॅमेरॉनचं छत उडायचं बाकी होतं. आणि मी बघत होते बाकाकडे. बाकावरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि त्यात ती मोठी मुलंही होती, ज्यांची मिनिटं हा खाणार आहे. ८४-७८. कूपरचे २२ पॉइंट, ११ रिबाउंड. त्या दोन दिवसांत आपल्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या गटाच्या) १६ टीम ऑबर्नच्या कॉन्फरन्सशी भिडल्या, त्यात जिंकल्या फक्त दोन. क्लेमसन आणि आपण.

मला रडू आलं. खरंच आलं. मुलगा म्हणाला, "आई, इट्स डिसेंबर." त्याला कसं सांगू.

कोल्हापूरहून परत येतानाची एसटी. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. जयसिंगपूर गेल्यावर आमची कॅप्टन, लास्ट इयरची, आम्ही ताईच म्हणायचो तिला, मागून उठून आली आणि शेजारी बसली. तिच्याकडे कागदात भडंग होता. अर्धा माझ्या ओंजळीत ओतला. मॅचबद्दल चकार शब्द नाही. उतरताना म्हणाली, "उद्या साडेसहाला ये." गेले. अंधारच होता अजून. तिने बॉल माझ्या छातीवर फेकला, स्वतः समोर उभी राहिली आणि म्हणाली, "घे. काल गेलीस तशीच जा." मी गेले, तिने काढून घेतला. परत. परत. अर्धा-पाऊण तास. शेवटी एकदा गेले तिच्या खांद्याखालून. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "आता सरांना सांगते."

सांगितलं तिने. सरांनी ऐकलं नाही. त्या सीझनमध्ये मी राहिलेल्या मॅचना बाटल्या भरल्या आणि सेकंड इयरला नाव दिलं नाही. घरीही कोणी विचारलं नाही, बास्केटबॉल सोडला म्हणजे अभ्यासाला वेळ मिळेल, चांगलंच झालं, असं. मी वाईट खेळायचे नाही. एवढंच सांगायचंय. मी वाईट खेळायचे नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तर दुसरी बाजूही लिहिते. पहिल्या वर्षाच्या पोरांवर सगळा भार टाकला की मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत घात होऊ शकतो, मान्य. २०१९ ला झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेट ही पहिल्या वर्षाची दोन मोठी नावं असूनही मिशिगन स्टेटने एका पॉइंटने घरी पाठवलं, ते आम्ही विसरलेलो नाही. आणि हो, ही पोरं आता पैसे कमावतात, कूपरचा तर बुटांच्या कंपनीशी करार आहे, तेही मान्य. पण पैसे मिळाले म्हणून सतरा वर्षांचा माणूस सत्तावीसचा होत नाही. आणि वर्षभरात एनबीएला, म्हणजे व्यावसायिक लीगला, निघून जातील, त्यांच्यात कशाला जीव गुंतवायचा, असं म्हणणाऱ्यांना मला उत्तरच द्यायचं नाही. आपल्या घरातलीही अठराव्या वर्षी जातातच की.

आणि २०१५ आठवा ना. तेव्हाही पहिल्या वर्षाची पोरंच होती. फायनलला विस्कॉन्सिनशी मागे पडलो होतो आणि वर्षभर बाकावर बसलेला ग्रेसन ॲलन उठून आला, १६ पॉइंट केले, ६८-६३ जिंकलो. काल एव्हन्सला बघून मला तोच आठवला. ड्यूकचे तेव्हाचे कोच माइक शशेव्स्की, सगळ्यांचे कोच के, यांनी तेव्हा बाकावरच्या पोराकडे बघितलं. शायर त्यांच्याच हाताखाली २०१० ची चॅम्पियनशिप खेळलेले, शेवटच्या वर्षाला कॅप्टन म्हणून. हे शिकवून येत नाही. कोणीतरी तुम्हाला कधीतरी बॉल परत दिलेला असावा लागतो, तेव्हाच तुम्ही दुसऱ्याला देता.

आता परत राग येतोय, कारण शनिवार आठवला. धाकटीच्या लीगची मॅच, नऊ-दहा वर्षांची पोरं. आपलेच एक बाबा, नाव घेत नाही, रेषेबाहेर उभे राहून स्वतःच्या मुलाला ओरडत होते, "पास कर! तू घेऊ नकोस! तू घेऊ नकोस!" मागच्या वेळी त्याच्या हातून बॉल गेला होता म्हणे. तो मुलगा नंतर सगळी मॅच बॉलपासून लांब पळत होता. बॉल उजवीकडे तर हा डावीकडे. किती सफाईने! दहा मिनिटांत शिकला. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याचं मला आज वाईट वाटतंय. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर वाचा. पुढच्या शनिवारी मी बोलणार आहे. तुमच्याशी नाही, त्याच्याशी. त्याला मध्यांतरात बॉल देऊन म्हणणार आहे, काल गेलास तसाच जा.

सीझनच्या आठ मॅच झाल्या. सहा जिंकल्या, दोन हरल्या, त्या दोन्ही अगदी शेवटी निसटल्या. पुढे आणखी हरू. कूपरच्या हातून आणखी बॉल जातील, एव्हन्सचा एखाद्या रात्री एकही थ्री पडणार नाही. त्या रात्री ग्रुपवर काय लिहायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. आणि आज हार्ट टाकणाऱ्यांनी १२ नोव्हेंबरचा आपला मेसेज एकदा वर जाऊन वाचा. डिलीट करू नका. नुसता वाचा.

एव्हन्सच्या सहा थ्रीचा व्हिडिओ सकाळीच ताईला पाठवला. ती अजून सांगलीतच असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आजी झालीये. तासाभराने व्हॉइस मेसेज आला. आधी मागे कुकरची शिट्टी, मग तिचा आवाज: "बारीक आहे गं पोरगं. पण मनगट बघ त्याचं. याला बसवून ठेवला होता?"

हो ताई. पण आता नाही बसवणार.

रविवारी लुईव्हिलशी आहे, त्यांच्या ग्राउंडवर. ज्यांना यायचंय त्यांनी घरी या, मिसळ करतेय. आवाज मोठा ठेवणार आहे, लहान मुलांना घेऊन या.