चहाला ड्रोन!

सकाळी सकाळी अण्णांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. कुणी साहेब टपरीपाशी उकिडवे बसून बशीतून चहा पितायत. खाली अण्णांचं 'किती साधा माणूस!' आणि जोडलेले हात. माझं डोकंच फिरलं. अहो, तो चहा समोरून, बाजूनं आणि वरून शूट झालाय. वरून म्हणजे ड्रोननं. चहाला ड्रोन!

आणि हे अण्णांनी टाकावं? ज्यांचे रिटायरमेंटचे चार लाख असल्याच साधेपणात बुडाले?

आमच्या पतसंस्थेचे चेअरमन सायकलवरून यायचे. पांढरी टोपी, मास्तर दिसले की वाकून नमस्कार. अण्णांनी ना ताळेबंद बघितला, ना ऑडिटमध्ये संस्थेला कुठला वर्ग मिळाला ते विचारलं. सायकल बघितली आणि ठेव ठेवून आले.

बरं, अण्णा भोळे. शिकलेले काय वेगळं करतात? २००८ च्या सप्टेंबरात 'सत्यम' या आयटी कंपनीला चोख कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, की वह्यांत दाखवलेले हजारो कोटी मुळात नव्हतेच. तिथं मोर होता, आमच्याकडे सायकल.

याच्या उलटंही होतं. आमच्या सांगलीचे आर. आर. आबा पाटील. अंजनीचं पोरगं, 'कमवा आणि शिका'तून शिकलेलं, झेडपीतून वर आलेलं. ग्रामस्वच्छता अभियानात त्यांनी गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर उतरवली. २६/११ नंतर 'मोठ्या शहरांत असं छोटंमोठं होतंच' अशा अर्थाचं हिंदीत एक वाक्य तोंडातून गेलं आणि राज्याचं गृहमंत्रिपद गेलं. वाक्य चुकलंच होतं, मान्य. वर्षभरात खातं परतही मिळालं. पण तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील म्हटलं की सारखे बदललेले कपडे आणि आबा म्हटलं की ते वाक्य, एवढंच आपल्या डोक्यात उरतं. समुद्रातून माणसं आलीच कशी, पोलिसांच्या अंगावरची जाकिटं कसली होती, ते प्रश्न घेऊन कितीजण बसलेत?

हो, सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. ११ वेळा आमदार आणि एसटीनं प्रवास. ते खरेच साधे होते, माहितीये मला, कमेंटमध्ये शिकवू नका. पण त्यांच्यासाठी एसटीवर कुणी ड्रोन उडवत नव्हतं.

चेअरमनचं सांगायचं राहिलं. संस्था बुडाल्यावर पुण्यातले दोन फ्लॅट बाहेर आले. जप्तीच्या यादीत सायकलही होती म्हणे. अण्णांचं त्यावर काय म्हणणं? 'सायकल तरी सोडायला हवी होती रे त्यांची.' मी त्या दिवशी जेवलो नव्हतो.

आज संध्याकाळी चांगलं झापायचं ठरवूनच फोन केला. म्हटलं, अण्णा, तो व्हिडिओ कशाला टाकलात? सगळं नाटक असतं ते.

'असेल की. पण बशीतून चहा पिणारं माणूस बघून किती वर्षं झाली. तुझे आजोबा असेच बसायचे, उकिडवे.'

मग मी गुडघेदुखीची गोळी संपली का तेवढं विचारलं आणि फोन ठेवला.