पोच तेवढी मागू नका भो!

सरकारी दवाखान्याच्या नावाने बोंबलायचं असेल तर खुशाल बोंबला, कोणाची ना नाही. सकाळी चहाच्या टपरीवर बोंबला, दुपारी ४५ डिग्रीत तोंड उघडवत नसेल तर संध्याकाळी ओट्यावर बसून बोंबला, रात्री व्हॉट्सअपच्या ग्रुपवर लाल तोंडाचे इमोजी टाका. आपल्या खान्देशात राग शेवभाजीच्या रश्शासारखा असतो, कानातून धूर निघतो पण पाणी प्यायलं की संपलं. असा राग सरकारला चालतो, आवडतो सुद्धा. फक्त एक पथ्य पाळा, तो राग कागदावर उतरवू नका, आणि चुकून उतरवलाच तर त्या कागदाची पोच मागू नका. बाकी सगळं माफ आहे.

आता राग काढायचा कोणावर, तर जी समोर दिसेल तिच्यावर. समोर दिसते ती आशाताई नाहीतर नर्सबाई. डॉक्टरची जागा रिकामी कोणी ठेवली, लस कोणी पाठवली नाही, अँब्युलन्सचं डिझेल कुठे गेलं, हे सगळं त्या बाईला विचारायचं, कारण अख्ख्या यंत्रणेत ती एकटीच जागेवर असते. जी हजर असते तिला शिव्या आणि जो गैरहजर असतो त्याला "साहेब मीटिंगला गेले असतील बिचारे", हा आपला जुना रिवाज आहे, तो मोडू नका. आशाताईला पगार नाही, मानधन मिळतं, तेही उशिरा, म्हणून ती उलट बोलायची शक्यता कमी. सोयीचं आहे.

त्याहून वरच्या माणसाला धरायचं म्हटलं तर आधी दवाखाना कोणाचा हे कळायला लागतं, आणि ते कळू नये याची आपल्याकडे चोख व्यवस्था आहे. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथले मालक तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे आपण ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतो ते. जळगाव, धुळे, नंदुरबारला मेडिकल कॉलेजं झालीत, त्यांचं खातं परत वेगळं, वैद्यकीय शिक्षण. आणि १०८ ची गाडी, जी २०१४ पासून महाराष्ट्रात पळतेय, ती ठेकेदाराकडे. म्हणजे एकाच बाळंतीणबाईला गावातून जिल्ह्यापर्यंत नेलं तर वाटेत चार मालक बदलतात, आणि काही बरंवाईट झालं की चौघंही सांगतात आमच्या हद्दीत नाही झालं. तर हा तक्ता पाठ करू नका. तुम्ही आपले थेट मुख्यमंत्र्यांना टॅग करा, तिथून काही येत नाही पण मन हलकं होतं.

नेत्याच्या वाढदिवसाला फळवाटप असतं तेव्हा मात्र दवाखान्यात जरूर जावं. केळीच्या मुलखात पेशंटला केळी वाटायची ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा दंडवत! रावेर-यावलकडचा माणूस, ज्याच्या स्वतःच्या मळ्यात भाव नाही म्हणून घड सडताहेत, तो सलाईन लावून पडलेला असतो आणि सहा कार्यकर्ते मिळून त्याच्या हातात एक केळं देतात, ते केळं फोटो निघेपर्यंत सोडत नाहीत. अशा वेळी "भाऊ, केळं राहू द्या, एक्सरे मशीन कधी चालू होणार" असं विचारणं बरं दिसत नाही.

हे सगळं मी एवढ्या अधिकाराने सांगतोय कारण मी पथ्य मोडलं होतं. म्हणजे सुरुवात कुत्र्याने केली.

आई सकाळी अंगण झाडत होती आणि कुत्र्याने पोटरीला धरलं, चांगलं दोन दातांचं रक्त. शेजारच्या काकू धावत आल्या त्या हातात तिखटाची वाटी घेऊन, जखमेत भरायला! नशीब माझी भाची सातवीत आहे, तिला शाळेत कोणी सांगितलेलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, तिने आजीचा पाय मोरीत धरून घड्याळ लावून धुतला. तिखट परत डब्यात. (हे एवढं मात्र उपरोधाने घेऊ नका, खरंच असंच धुवायचं असतं, आणि लगेच दवाखाना, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास हमखास जातो.)

केंद्रात गेलो तर नर्सबाईंनी जखम बघितली, चांगलं बोलल्या, आणि म्हणाल्या लस संपलीय, इंडेंट टाकलाय, म्हणजे वरून मागणी केलीय. भिंतीवर बोर्ड होता, सगळे उपचार मोफत. खोटं नाही ते, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासणीपर्यंत काही पैसे घेत नाहीत, आमच्याकडूनही घेतले नाहीत. केस पेपर फुकट, सल्ला फुकट, आणि लस बाहेरून आणा म्हणून लिहिलेली चिठ्ठीसुद्धा फुकट. लसीचा फ्रीज कोपऱ्यात घरघर करत होता, आत दोन ते आठ डिग्री राखलेलं, लस नसेना का, गारवा तरी होता. मेडिकलवरून इंजेक्शन आणलं, चारशेच्या आसपास एक, आणि असे पाच, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डोसला जाताना माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन गेलो. लस किती आली आणि किती वापरली त्या स्टॉक रजिस्टरची तीन महिन्यांची नक्कल, इंडेंटची नक्कल, आणि रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे दवाखान्याचा निधी बघणाऱ्या समितीच्या, बैठकांत लसीबद्दल काय ठरलं आणि त्यावर पैसा किती गेला. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात नियमच असा आहे की अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर पाहिजे, घरच्या भांडणाला असा नियम लावला तर किती संसार सुखाचे होतील.

क्लार्क अगदी मोकळा माणूस. अर्ज घेतला, न वाचता फाईलखाली सरकवला, "होऊन जाईल भाऊ." मी म्हटलं पोच द्या. आणि त्या खोलीत जे झालं ते मी कधी विसरणार नाही. त्याचा पेन थांबला. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. खुर्ची पुढे केली, इतका वेळ मी उभाच होतो बरं का. शिपायाला म्हणाला चहा सांग. मग अर्ज परत बाहेर काढून शेवटपर्यंत वाचला, आणि एकदम घरच्यासारखा म्हणाला, "पोच कशाले पाहिजे भो, आपण काय परके आहोत का?" शिक्का ड्रॉवरमध्ये होता, सापडला. पॅड सुकलेलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. शिक्का फिका आला, आवक क्रमांक मात्र मी रजिस्टरमध्ये घालून घेतला. तेवढ्या वेळात डॉक्टरांनाही कोणीतरी फोन केला.

म्हणून तुम्हाला सांगतो, पोच मागू नका. एवढासा निळा शिक्का, पण तो पडला की ३० दिवस मोजायला सुरुवात होते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत नाशिकच्या माहिती आयोग खंडपीठाकडे दुसरं. आणि आयोगाने मनावर घेतलंच तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो, तोही त्याच्याच खिशातून. आयोगापुढे तारीख लागेपर्यंत कुत्र्याची दुसरी पिढी चावायला लागते हे खरं, पण म्हणून काय झालं, बिचाऱ्या साहेबांच्या झोपेचं काय? कायद्यात तर असंही आहे की माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर उत्तर ४८ तासांत द्यावं लागतं. मी ते अर्जात लिहायला विसरलो, हा माझा शासनावरचा उपकार समजा.

नंदुरबारकडच्या लोकांशी तर संगतच ठेवू नका. तिकडे धडगाव, मोलगीच्या डोंगरात पेशंटला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात, नर्मदेच्या काठावरच्या पाड्यांना दवाखाना बोटीतून येतो, अशा लोकांनी खरं तर गप्प बसायला पाहिजे ना? पण २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू केली त्यात नंदुरबार होतं. म्हणजे गावकऱ्यांनीच दवाखान्याला चांगलं, बरं, वाईट असे मार्क द्यायचे, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारायचं, नर्सबाई का येत नाही, औषध का नाही. साहेब समोर, माईक गावकऱ्याच्या हातात! आपल्याकडे माईक सत्कारालाच बरा वाटतो. ग्रामसभेत सुद्धा १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की जिलेबी घ्या आणि घरी जा. गावाला आरोग्य समिती असते, तिला खर्चायला सरकारकडून पैसे येतात, पूर्वी वर्षाला १०,००० यायचे, ते कशाला गेले असलं काही विचारत बसलात तर जिलेबी गार होते.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो, त्याबद्दल तर मी काही बोलतच नाही. महिन्यातून एक दिवस लोकशाही, बाकीचे तिला आराम.

तर माझ्या अर्जाचं काय झालं. आईचा पाचवा डोस अठ्ठाविसाव्या दिवशी संपला, पाचही आमच्या खर्चाने. त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे उत्तराची मुदत संपायला तीन दिवस बाकी असताना, दवाखान्यातून एक जण मोटरसायकलवर घरी आला. ओट्यावर बसला, आईच्या पाया पडला. "माय, लस आलीय बरं का, कधीपण या." आई म्हणाली, माझं तर झालं रे बाबा, पण पलीकडच्या आळीत काल पोराला चावलंय, त्याला बोलाव. त्याने नाव लिहून घेतलं, हे मात्र खरं, आणि ते पोरगं दुसऱ्या दिवशी जाऊन फुकट लस घेऊन आलं.

चहा झाल्यावर त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. टाईप केलेला होता, माझं नाव बरोबर, तक्रारीचं समाधान झाल्याने अर्ज मागे घेत आहे वगैरे. म्हणे भाऊ, इथे एक सही करा, आणि खाली तारीख टाका म्हणजे आम्हाला पण पोच होईल.

मी कपबशी उचलता उचलता म्हटलं, पोच कशाले पाहिजे भो, आपण काय परके आहोत का?